डाव्या हातातली काठी

मी एक जुनी काठी आहे. म्हातारी माणसं टेकत जातात ती नव्हे, आणि मारकुटे मास्तर उगारतात तीही नव्हे. माझ्या वाट्याला कधी कुणाची पाठ आली नाही. मी पाट्या रंगवणाऱ्या पेंटरची काठी आहे. बोटाएवढी जाड, हातापेक्षा थोडी लांब, आणि डोक्याला कापसाचा गोळा, त्यावर मऊ चामडं गुंडाळलेलं. पेंटर मला डाव्या हातात धरतो, माझं डोकं पाटीच्या कडेला टेकवतो आणि माझ्या अंगावर उजवं मनगट ठेवून ब्रश चालवतो. त्यामुळे ओल्या रंगाला हात लागत नाही आणि रेघ थरथरत नाही.

मित्रांनो, पाटी पुरी झाली की खाली उभे असलेले लोक म्हणतात, "वा, काय हात आहे!" तो हात म्हणजे उजवा. डाव्याचं नाव कुणी काढत नाही, मग डाव्यातल्या काठीचं कोण काढणार? याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण पुढे एका माणसानं याच गोष्टीचं असं काही भांडवल केलं, की नुसतं आठवलं तरी माझ्या डोक्यातला कापूस पेट घेतो.

माझा जन्म स्वयंपाकघरातला. माझ्या पेंटरबाईचे वडीलही पेंटर. लेक धंद्यात येणार म्हटल्यावर त्यांना तिच्यासाठी चांगली काठी हवी होती. बाजारातल्या काठ्या त्यांना पसंत पडेनात. एके दुपारी त्यांची नजर खिडकीच्या पडद्याच्या दांड्यावर गेली. बायको घरी आली तेव्हा पडदा जमिनीवर होता आणि दांडा अर्धाच उरला होता.

"आता दार कापून ब्रशची मूठ करा!" ती कडाडली. तिला अजून ठाऊक नव्हतं, की माझ्या डोक्याचं चामडं तिच्याच जुन्या पर्समधून कापलं होतं. ते कळल्यावर दोन दिवस त्या घरात फक्त भांडी बोलत होती.

वडिलांनी मला लेकीच्या डाव्या हातात दिलं आणि म्हणाले, "उजवा हात अक्षर काढतो, डावा अब्रू राखतो. विसरू नकोस." पण हे झालं घरातलं, गंभीर बोलणं. धंद्यातली पेंटर मंडळी मोठी थट्टेखोर. डाव्या हाताला ती आपसांत जावई म्हणायची. काम करताना दिसत नाही, मान मात्र ठेवावा लागतो, आणि रुसला की सगळ्या घराचे हाल. पेंटरबाईही आपल्या डाव्या हाताला जावई म्हणू लागली. सांधा आखडला की म्हणायची, "आज जावयाची मर्जी ठीक दिसत नाही." सगळे हसायचे. त्या थट्टेत डाव्याबद्दल मायाच होती, हे पेंटरला सांगावं लागत नाही. बाहेरच्याला मात्र सांगूनही कळत नाही.

आम्ही दोघींनी मग खूप काम केलं. दातांच्या डॉक्टरांच्या पाट्या, शाळांची नावं, बसचे नंबर. माझी पेंटरबाई म्हणजे ब्रश आणि तोंड एकाच वेळी चालवणारी बाई. शिडीवर उभी राहून खालून जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलायची. कुणाच्या मुलाचं लग्न ठरलं, कुणाची मोरी तुंबली, सगळं तिला शिडीवर समजायचं. एकदा बस डेपोत ती नंबर रंगवत होती आणि एक ड्रायव्हर घाई करत होता. तिनं वरूनच बजावलं, "नंबर वाळेपर्यंत गाडी हलवायची नाही!" गाडी हलली नाही, आणि तो ड्रायव्हरही हलला नाही. पुढे तोच तिचा नवरा झाला. अबोल माणूस. बायको दोघांच्या वाटचं बोलते म्हणून आपल्याला गरजच पडत नाही, असं तो म्हणायचा.

आता त्या दिवसाचं सांगते.

दरवर्षी तापाची साथ येण्याआधी पेंटरबाई आरोग्य केंद्रात जाऊन लस टोचून घ्यायची. न चुकता, आणि स्वतःहून. त्या दिवशी ती अर्धं काम टाकून गेली होती, म्हणून मी तिच्या हातातच होते. रांग दारापर्यंत आलेली. टोचणाऱ्या सिस्टर एकट्या, सकाळपासून उभ्या. त्यांच्या मागे एक साहेब सारखे येऊन "लवकर आटपा" म्हणून जात होते. साहेबांना बसायला खोली होती. सिस्टरना साधं स्टूल नव्हतं.

"कुठल्या हातात देऊ?" सिस्टरनी विचारलं.

"डाव्यात द्या. तो आमचा जावई! कामधंदा काही करत नाही, नुसता बसून असतो."

रांगेतले लोक हसले. सिस्टरही दिवसभरात पहिल्यांदा हसल्या असाव्यात. मीसुद्धा हसले.

पेंटरबाईच्या अंगात कामाचा पूर्ण बाहीचा शर्ट होता. रंग वाळून वाळून बाही पत्र्यासारखी कडक झालेली, ती कोपराच्या वर सरकेना. हात बाहीतून काढायला हवा होता. पण आडोसा नव्हता आणि मागे सगळी रांग उभी. तिनं वरची दोन बटणं काढली आणि कॉलर खांद्यावरून खाली ओढली. जेवढा खांदा दिसला तेवढ्यावरच सिस्टरनी सुई टोचली. पेंटरबाई बसलेली, सिस्टर उभ्या. सुई दंडाच्या भरल्या जागी जायच्या ऐवजी पार वर, हाडाजवळ गेली. मी तिच्या मांडीवर आडवी होते, वर बघत होते. मला तोंड असतं तर मी तिथेच ओरडले असते.

"आई गं!" पेंटरबाई म्हणाली.

"झालं, झालं. दोन दिवस दुखेल," सिस्टर म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

दोन दिवसांनी ती एका किल्ल्यांच्या दुकानाची पाटी रंगवायला शिडीवर चढली. दुकानाला 'चाव्या' असं नाव हवं होतं. 'चा' पुरा झाला, आणि पुढच्या अक्षरासाठी मला वर उचलताना तिचा हात खांद्यापासून निखळल्यासारखा झाला. मी सुटले, शिडीवरून खाली रंगाच्या डब्यात पडले. ती पाटी तशीच राहिली. कितीतरी दिवस त्या दुकानावर नुसतं 'चा' होतं, आणि लोक आत शिरून कपभर मागायचे.

मग औषधं झाली, शेक झाले. हात खांद्याच्या वर जाईना. केस विंचरायचे तर नवरा विंचरून देऊ लागला आणि भांग दर वेळी वाकडा पाडू लागला. काठीशिवाय रंगवून बघितलं, तर अक्षरं थरथरली. ती तिनं स्वतःच पुसून टाकली आणि त्या दिवशी जेवली नाही.

मोठ्या डॉक्टरांनी खांद्याचे फोटो बघून स्पष्ट सांगितलं, "सुई फार वर बसली. औषध सांध्यातल्या पिशवीत गेलं, तिथे सूज आली आणि खांदा धरला." पण हेच लिहायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी लिहिलं, "तशी शक्यता नाकारता येत नाही." खोलीत सरळ बोलणारा माणूस कागदावर एवढं लांबून वळण का घेतो, मित्रांनो? तुम्हाला कळलं तर मलाही सांगा.

पेंटरबाईनं आरोग्य केंद्रावर नुकसानभरपाईचा दावा लावला. ही बातमी फुटताच लस नको म्हणणारी काही मंडळी घरी आली. त्यांना तिचा फोटो हवा होता, खाली 'लशीनं केलेला घात' असं लिहायला.

"लशीला का नावं ठेवता?" ती भडकली. "अक्षर वाकडं आलं तर रंगाला शिव्या देता का? लस चांगलीच आहे. टोचणाऱ्याला नीट शिकवलं नाही, बसायला जागा दिली नाही, त्यांच्याशी माझं भांडण आहे. चपला बाहेर आहेत तुमच्या."

मंडळी गेली, आणि जाताना तिला विकली गेलेली म्हणाली. तिकडे केंद्राच्या वतीनं उत्तर आलं ते विमा कंपनीकडून. त्यात ती खोटारडी होती. म्हणजे एका बाजूला विकलेली, दुसऱ्या बाजूला खोटारडी. मधल्यामध्ये तो खांदा, आणि त्या खांद्याची चौकशी कुणालाच करायची नव्हती.

शेवटी तडजोडीची बैठक ठरली. लांब टेबल, त्यावर काच, पाण्याचा जग आणि मधोमध कागदी रुमालांचा डबा. रडायची सोय आधीच करून ठेवली होती. टेबलाच्या टोकाला मध्यस्थबाई, दोन्ही पक्षांचं ऐकून घ्यायला नेमलेल्या. एका बाजूला पेंटरबाई, ड्रायव्हरच्या गणवेशात तिचा नवरा, आमचे सदा सर्दी झालेले वकील आणि मी. समोर विमा कंपनीचे वकील. त्यांचा आवाज इतका मऊ, की मी त्यांचं नाव मऊ वकील ठेवलं.

"ताई, तुमच्या त्रासाबद्दल आम्हाला पूर्ण सहानुभूती आहे," मऊ वकील म्हणाले. मित्रांनो, सहानुभूतीनं सुरुवात झाली की समजावं, मागून 'पण' येतोय. "पण डावा हात हा तुमचा कामाचा हात नाही. त्यामुळे कमाई बुडाली हे काही पटत नाही. आणि हे आम्ही म्हणत नाही, तुम्हीच म्हणालात." त्यांनी सिस्टरचा जबाब वाचला. "'तो आमचा जावई, कामधंदा काही करत नाही.' तुमचेच शब्द ना?"

"अहो, ती गंमत होती. आमच्यात डाव्या हाताला..."

"शब्द तुमचेच ना, ताई?"

"हो," पेंटरबाई म्हणाली, आणि एवढी बोलकी बाई एका शब्दावर थांबली.

बघितलंत? जी थट्टा ऐकून सगळी रांग हसली, तीच या गृहस्थांनी इस्त्री करून पुरावा म्हणून मांडली. आमच्या वकिलांनी शिंक आवरत मला टेबलावर ठेवलं आणि मी काय काम करते ते समजावलं. मऊ वकिलांनी ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि मला उचललं. तेही उलटं, डोक्याला धरून! मग भिंतीवरच्या पडद्यावर खांद्याचा फोटो लावून, शाळेत नकाशा दाखवतात तसं माझ्या टोकानं ते दाखवू लागले. माझ्याच मालकिणीच्या हाडावर मला टेकवून म्हणाले, "चाळिशीनंतर असे बदल दिसतातच. शिवाय वर्षानुवर्षं शिडीवर चढून हात उंच करून काम. खांदा झिजणारच."

तेव्हा अबोल ड्रायव्हरनं घसा साफ केला.

"साहेब, एक विचारू? मगाशी म्हणालात, हा हात कामच करत नाही. आता म्हणता, काम करून झिजला. आमच्याकडे बस एक तर डेपोत उभी असते, नाही तर रस्त्यावर असते. दोन्हीकडे नसते."

मध्यस्थबाईंनी चष्म्यावरून बघितलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस ओशाळेल. कसचं काय! मऊ वकील हसले. "ते आमचे दोन स्वतंत्र मुद्दे आहेत," म्हणाले, आणि त्यांनी पान उलटलं. आपण दोन दगडांवर पाय ठेवला तर आपटतो. हे गृहस्थ दोन्ही दगडांवर मांडी घालून बसले होते.

"मला भांडत बसायचं नाही," पेंटरबाई म्हणाली. "रक्कम काय ती तुम्ही ठरवा. मला एक ओळ लिहून द्या. 'सुई जागेपेक्षा वर टोचली गेली.' बस. ती ओळ केंद्रात लावा, आणि त्या सिस्टरना एक स्टूल द्या."

"रक्कम देता येईल," मऊ वकील म्हणाले. "ओळ देता येणार नाही."

वर दोन अटी होत्या. कुणाचीही चूक झाली असं कुठे मानलं जाणार नाही. आणि पेंटरबाईनं या प्रकरणाबद्दल कुणाशी बोलायचं नाही, कुठे लिहायचं नाही. कधीच नाही.

बाहेरच्या बोळात आमच्या वकिलांनी खरं ते सांगितलं. "लढलो तर कदाचित ओळ मिळेल. पण वर्षं जातील, आणि हरलो तर ऑपरेशनला पैसा नाही. डॉक्टर म्हणतात, आता नाही केलं तर खांदा असाच राहील."

"तुला काय वाटतं?" नवऱ्यानं विचारलं.

"मला वाटतं, ह्यांच्या दारावर पुरुषभर उंचीच्या अक्षरांत लिहावं," ती म्हणाली. मग डाव्या हाताकडे बघत म्हणाली, "पण लिहायला आधी हात पाहिजे ना!"

आत येऊन तिनं पेन घेतलं. टेबलावर काच, त्यामुळे कागद सरकू लागला. तिचा डावा हात मांडीवर पडलेला, तो धरणार कसा? सही वाकडी होऊ लागली तसे मऊ वकील तत्परतेनं पुढे झुकले. "राहू द्या, मी धरतो," म्हणून त्यांनी कागदावर तळहात दाबून ठेवला. डावा तळहात.

पेंटरबाईनं त्या हाताकडे नीट बघून घेतलं.

"बघा साहेब," ती म्हणाली, "जावई कामाला लागले."

कुणी हसलं नाही. तिनं सही केली. या विषयावरचं तिचं ते शेवटचं वाक्य.

ऑपरेशन झालं. नंतर व्यायाम शिकवणाऱ्या ताई घरी आल्या आणि म्हणाल्या, "एखादी काठी आहे का?" मला बोलावणं आलं! एक टोक उजव्या हातात, दुसरं डाव्यात. उजव्यानं मला ढकलायचं आणि माझ्या जोरावर डावा वर जायचा. आयुष्यभर त्या हातानं मला उचललं होतं, आता मी त्याला उचलत होते. रोज ती दात आवळायची, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि मी तसूभर वर जायचे. आज हात खांद्याच्या रेषेपर्यंत येतो. पुढे नाही येत. उंच भिंती तिनं दुसऱ्यांना देऊन टाकल्या. ती टेबलावर मावतील एवढ्याच पाट्या करते. शिडी मागच्या अंगणात पडून आहे. तिच्यावर शेजारणीचे कपडे वाळतात.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण लोक विचारतात, "काय गं, झालं काय होतं हाताला?" ती तोंड उघडते आणि मिटते. कुणी म्हणतं, चांगले पैसे उकळले. कुणी म्हणतं, सगळं नाटक होतं. एरवी अशा माणसाला तिनं शिडीवरून खाली न उतरता गार केलं असतं. आता ती ब्रश बुडवते आणि मान खाली घालून रंगवत राहते. मित्रांनो, त्यांनी तिचा खांदा बिघडवला, तो अर्धा तरी सुधारला. तिची जीभ मात्र त्यांनी सही घेऊन बांधून ठेवली. आणि असल्या व्यवहाराला समेट म्हणतात!

परवा तिच्या नवऱ्याची लस घ्यायची पाळी होती. ती त्याच्याबरोबर गेली, मी तिच्या हातात. तेच केंद्र. सिस्टर नव्या, कोवळ्या वयाच्या, सकाळपासून उभ्या. मी सगळी खोली बघून घेतली. स्टूल नव्हतं. एवढं रामायण घडलं, आणि त्या खोलीत एक स्टूल आलं नव्हतं.

ड्रायव्हरसाहेब खुर्चीत बसले आणि त्यांनी काय करावं? गणवेशाची दोन बटणं काढली आणि कॉलर खांद्यावरून खाली ओढली. सगळं माहीत असलेल्या माणसानं! मागच्या रांगेची लाज भल्याभल्यांना आवरत नाही.

सिस्टरनी सुई उचलली. पेंटरबाईनं तोंड उघडलं. तिथल्या भिंतीला, दाराला, साऱ्या रांगेला सांगण्यासारखं तिच्याकडे होतं. तिनं तोंड मिटलं.

आणि मला पुढे केलं. डाव्या हातानं. खांद्याच्या रेषेपर्यंत तो येतो, तेवढं पुरेसं होतं. माझं मऊ डोकं तिनं सुईच्या आणि त्या खांद्याच्या मध्ये घातलं. सिस्टर दचकून थांबल्या. मग पेंटरबाईनं उजव्या हातानं नवऱ्याची बाही ओढून त्याचा हात पुरता बाहेर काढला, वाट बघणाऱ्यांच्या ओळीतून एक खुर्ची पायानं ढकलत आणली आणि सिस्टरच्या मागे लावली. मी पुन्हा वर गेले आणि दंडाच्या भरल्या जागी टेकले. बरोबर जिथे टोचायला हवं तिथे. पाटीवर टेकायची तशी, जराही न हलता.

सिस्टरनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग त्या बसल्या.

"इथे ना?" त्यांनी हळूच विचारलं.

पेंटरबाईनं नुसती मान हलवली.

तर मित्रांनो, लस घ्या. पण हात बाहीतून पुरता बाहेर काढा, लाजू नका. तुम्ही बसा आणि टोचणाऱ्यालाही बसवा. सुई वर, हाडाकडे येताना दिसली तर सांगा, की खाली, जरा खाली. आणि जिथे टोचणाऱ्याला दिवसभर उभं ठेवतात, तिथल्या साहेबांना विचारा, की एका स्टुलाला किती वर्षं लागतात?

माझ्या पेंटरबाईला हे सांगता येत नाही. तिनं कागदावर सही केली आहे आणि ती शब्दाची पक्की आहे. त्या दिवशी त्याच टेबलावर मीही होते, पण माझी सही कुणी मागितली नाही. काठीला काय कळतंय, असं वाटलं असेल त्यांना. म्हणून तिची ती एक ओळ आता मी सांगते, आणि विचारील त्याला सांगत राहणार आहे: सुई जागेपेक्षा वर टोचली गेली.